शेड का कंपनी

आमच्या घराचं वाटोळं दोन शब्दांनी केलं. एक शेड, दुसरा कंपनी. हल्ली शिकलेली पोरं स्टार्टअप म्हणतात, आणि त्यात उडी घ्यायची का मोठ्या कंपनीत पाय रोवायचा यावर तासन्‌तास तोंडं वाजवतात. वाजवा म्हणावं बाबांनो. आमच्याकडे हा वाद झाला तेव्हा तो शब्द आमच्या रानात पोचला नव्हता, आणि त्या वादात पणाला लागली होती मी. मी काही इंजिनियर नव्हे. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, गणितात गचकलेली बाई. इंजिनियर माझा भाऊ. पण त्याच्या नोकरीवर टांगलेलं होतं माझं लग्न, आणि पुढं माझं लेकरू.

आमची वाडी कॅसलरॉकपासून आत, रानात. आप्पा रेल्वेत गँगमन. दिवसभर घाटातल्या रुळांवर घण आणि पहार घेऊन, आणि घरी आले की दोन वाफे भाताचे. सुपा धरण आमच्याच तालुक्यात. त्याच्या पाण्याखाली गावं गेली, माणसं उठून रामनगरला येऊन बसली, आणि त्यातून निघालेला करंट आमच्या डोक्यावरच्या तारांवरून थेट लांबच्या शहरांना गेला. वाडीत घासलेटची चिमणी. भाऊ त्याच चिमणीवर शिकला, लोंढ्याच्या शाळेत आणि मग बेळगावच्या कॉलेजात. वाडीतला पहिला इंजिनियर. तो सुट्टीला आला की आप्पा त्याला स्टेशनात मुद्दाम सगळ्यांसमोरून चालवत आणायचे.

तो माझ्याहून धाकटा, आणि थोरलीचं माझंच लग्न अडलेलं. रंगानं सावळी हे एक आणि तोंडाळ हे दुसरं. पहिलं खपलं असतं. खानापूरकडचे एक पाहुणे बघायला आले, नवऱ्या मुलाच्या मावशीनं विचारलं, "सैपाक येतो का गं?" मी म्हटलं, "येतो की. तुमच्या पोराला जेवता येतंय न्हवं?" झालं. पोह्यांच्या बशा तशाच ठेवून ते उठले. आईनं कपाळाला हात लावला. आप्पा मात्र पाठ फिरवून हसत होते, ते मी पाहिलं.

अशी चार ठिकाणं फिसकटल्यावर रामनगरचं स्थळ आलं. भाताच्या गिरणीवाले. आणि आलं ते साट्याचं. म्हणजे त्यांचा मुलगा मला करायचा, आणि त्यांची मुलगी माझ्या भावाला. दोन्ही लग्नं एका मांडवात, हुंडा इकडं नाही तिकडं नाही. आमच्या भागात ही पद्धत जुनीच. लोक म्हणायचे, साट्यात दोन्ही पोरी सुखात राहतात, कारण एकीला दुखवलं तर दुसरीला लागतं. उलटंही खरं असतं, हे कुणी म्हणायचं नाही.

मला तो मुलगा आवडला होता, सरळ सांगते. आप्पांबरोबर भात भरडायला गिरणीत गेले होते तेव्हा पाहिलेला. भुवयांवर कोंडा बसलेला, आणि बोलणं इतकं कमी की वाटावं मुका आहे. आमच्या भाताचे चार दाणे त्यानं तळहातावर चोळले आणि म्हणाला, "दाणा बारीक हाय तुमचा. कण्या हुतील. हळू काढतो." आणि खरंच त्यानं मशीन हळू केलं. पाठीमागची माणसं ओरडत होती, तरी केलं. एवढ्यावर कुणी जीव लावतं का? मी लावला बाई.

स्थळ आलं त्याच पावसाळ्यात भावाचं शेवटचं वर्ष संपलं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं कॉलेजात येऊन त्याला निवडलं होतं. मोटारींचे भाग बनवणारी कंपनी. गणवेश, बस, कँटीन, क्वार्टर, घरच्यांना औषधपाणी. आणि दुसरीकडं त्याचा कॉलेजातला एक सीनियर. त्यानं बेळगावात पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली होती आणि ओढ्याच्या पाण्यावर करंट काढायचं लहानसं मशीन बनवायला घेतलं होतं. दोन माणसं, एक वेल्डर आणि एक लेथ, एवढीच ती कंपनी. भाऊ कॉलेज करता करता तिथं पडीक असायचा.

ते पहिलं मशीन त्यांनी बसवलं आमच्याच वाडीखालच्या ओढ्यावर. जीपमधून आणलं, दोघांनी खांद्यावरून खाली उतरवलं. वरच्या डोहातून पाइपनं पाणी आणायचं, ते चाकावर जोरात पडायचं, चाकाला पट्टा, पट्ट्याला डायनामो. पाइपच्या तोंडाशी एक जाळी, पाला आत जाऊ नये म्हणून. मी वरून बघत होते. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा, अंगाला जळवा लागलेल्या, आणि तोंडभर हसू. असा खूश मी त्याला परत कधी पाहिला नाही, आणि हे मी रागानं नाही सांगत, हिशेबानं सांगते.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बल्ब लागला. आई आधी दचकली. मग तिनं हात धुतले, हळदकुंकवाची कोयरी आणली, आणि बल्बला लावायला बोट वर केलं. भाऊ ओरडला, "आये, भाजशील!" तेव्हा तिनं ते कुंकू खालच्या भिंतीला लावलं. शेजारच्या घरालाही एक तार दिली. त्यांची म्हातारी रात्रभर बल्ब चालू ठेवून बसली म्हणे, विझवला तर परत येणार नाही या भीतीनं.

आणि मग वाद. शेड का कंपनी.

आप्पांचा मुकादम घरी येऊन सांगून गेला, "मोठ्या झाडाच्या सावलीत बसावं, वारा आला तर झाड बगतंय." भाऊ म्हणाला, "मोठ्या झाडाखाली भात पिकतंय काय, मामा?" मुकादम त्याच रागानं आमचा चहा दोन वेळा प्याला.

भावानं आप्पांना नीट समजावायचा प्रयत्न केला, तो मला अजून आठवतो. म्हणाला, "आप्पा, कंपनीत हजार इंजिनियर. मला एक तुकडा देतील, त्यो तुकडा कुठल्या गाडीत जातोय ते बी मला ठाऊक असायचं न्हाई. शेडात कागदावर रेघ बी मीच वढणार, पत्रा बी मीच कापणार, आन् मशीन बंद पडलं तर शिव्या बी मीच खाणार." आप्पा म्हणाले, "शिव्या खायला इंजिनियर कशाला हुयाला लागतंय? गँगमनला बी मिळत्यात."

असं बोलले तरी आप्पा अडाणी नव्हते. त्यांनी सीनियरला बोलावून घेतलं आणि थेट विचारलं, "दर म्हयन्याला पगार मिळंल न्हवं?" तो पोरगा प्रामाणिक. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मिळेल म्हटलं तर खोटं होईल, काका. मशीन विकलं तर मिळेल. न्हाई विकलं तर मलाबी न्हाई आणि त्यालाबी न्हाई. पण जे काय होईल त्यात त्याचा वाटा अर्धा." आप्पांनी त्याला वळणापर्यंत पोचवलं. नंतर आईला म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय. त्येच वाईट झालं. खोटं बोललं असतं तर पाठवला असता." हे बोलून ते वाफ्यावर निघून गेले.

रामनगरला ही गोष्ट पोचायला काय वेळ लागतो? होणारे मामंजी स्वतः आले. जाडजूड माणूस, पानाचा तोबरा, बोलणं मोजकं. ओढ्यावरचं मशीन त्यांनी जाऊन पाहिलं, चाकावर हात ठेवून पाहिला, म्हणाले, "चांगलं हाय." मला वाटलं जिंकलो. वर आल्यावर पान थुंकून म्हणाले, "पण शेडात म्हशी बांधत्यात पाव्हणं. माझी पोरगी मी शेडात द्येणार न्हाई. कंपनी असंल तर दोन्ही लग्नं. शेड असंल तर दोन्ही न्हाईत." मी दाराआड उभी होते.

मामंजी वाईट नव्हते. आपल्या लेकीसाठी कुठला बाप असं बोलणार नाही? आप्पाही तेच बोलले असते. म्हणून तर कुणावर ओरडायचं ते कळेना, आणि माझ्यासारखीला ओरडायला माणूस मिळालं नाही की जीव गुदमरतो.

मी भावाला ओढ्यावर गाठलं. तो जाळीतला पाला काढत होता. मी म्हटलं, "तू शेडात जा. माझं लगीन मोडलं तर मोडलं. मी काय कुणाच्या गळ्यात पडलेली न्हाई." तो वर न बघता म्हणाला, "गप अक्का. तुझं तोंड ऐकून आता सहावा कोण येणार हाय?" मी पाल्याचा गोळा उचलून त्याला मारला. तो हसला. मी पुन्हा म्हटलं, "खरंच जा." तो म्हणाला, "तुला त्यो गिरणीवाला आवडलाय न्हवं?" मी खाली वाकून पाला वेचायला लागले. "मग झालं तर," तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला गेला.

लग्नं झाली, एका मांडवात. नात्यांचा असा गुंता झाला की ती माझी नणंद आणि वहिनी, मी तिची वहिनी आणि नणंद. दोघी एकमेकींना वैनीच म्हणायला लागलो. ती माझ्याहून शांत, गोरी, हसताना तोंडावर पदर धरणारी. मला तिच्यावर कधी राग धरता आला नाही, आणि मी बराच प्रयत्न केला होता.

माझं बरं चाललं. हे बोलायचे नाहीत, पण माझं सगळं ऐकायचे, आणि बोलणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे? घरात करंट, दारात नळ, मागं गिरणीचा खडखडाट. लेक झाली. मामंजींनी तिच्या पायात चाळ घातले आणि ती गिरणीभर छुमछुम करत फिरायची, भाताच्या राशीत लोळायची. मी सुखी होते हो. सुखी होते म्हणूनच पुढचं सहन झालं नाही.

भाऊ गणपतीला आणि शिमग्याला यायचा. पहिल्या वर्षी कंपनीचा गणवेश घालूनच आला, आप्पांना बघायचा होता म्हणून. नंतर नंतर त्याचं बोलणं कमी झालं. एकदा मी विचारलं, "काय करतोस तरी काय रं तिथं?" म्हणाला, "अक्का, एक लोखंडी तुकडा असतोय. त्याला एक भोक. ते भोक बरोबर हाय का न्हाई ते मी मोजतो." मी म्हटलं, "आन् मग?" म्हणाला, "मग दुसरा तुकडा." मी हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर तो ओढ्यावर होता, आप्पा रोज काढायचे तो पाला आज मी काढतो म्हणून.

पण कंपनीला नावं ठेवायची तर नीट ठेवावीत. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा ऑपरेशन कंपनीच्या खर्चानं झालं, चांगल्या दवाखान्यात, पुण्याला. शेडवाल्याला ते जन्मात जमलं नसतं. आई परत आली तेव्हा तिला भातातला खडा दिसायला लागला. पण ती बसायची बल्बकडं बघत. शेडनं दिलेला उजेड, कंपनीनं दिलेल्या डोळ्यांनी. मार्च आला की ओढा बारीक व्हायचा, बल्ब तांबडा व्हायचा आणि मग विझायचा, आणि पावसाळ्यात परत लागायचा. आईचं वर्ष त्या बल्बावर चालायचं.

मग नव्वदच्या पुढं कंपनीत परदेशी मशिनं आली. ती आपली आपणच भोक पाडायची आणि आपणच मोजायची. भाऊ होता तो सगळा विभागच बंद झाला. कुणाला काढलं असं म्हणायचं नाही, स्वखुशीनं सोडली असं कागदावर लिहून द्यायचं. वारा आला तर झाड बघतंय म्हणे! झाडानंच फांदी झटकली. क्वार्टर सोडायला लागली. तेव्हा मीटरगेज काढून मोठी लाइन घालायची म्हणून आमच्याकडच्या गाड्याही बंद होत्या. तो बसनं आणि जीपनं, ट्रंका डोक्यावर घेऊन वाडीत आला. आणि त्याची बायको तिच्या लेकराला घेऊन रामनगरला आली, चार दिवसांसाठी.

चार दिवसांचे किती दिवस झाले ते सगळ्यांनाच दिसत होतं. शेजारच्या बायका पाणी भरताना विचारायच्या, "लेक आलीया जणू? जावई न्हाई आले?" मामंजी गिरणीत गप्प बसायला लागले. एक दिवस जेवताना, माझ्याकडं न बघता, ते म्हणाले, "माझी पोरगी माझ्या घरात बसली आन् त्येंची बी माझ्याच घरात. ह्ये साटं न्हवं. आमची आली, तुमची न्या म्हणावं. पोराला परत कंपनी लागली की दोघी आपापल्या जागी." सासूबाई म्हणाल्या, "आन् पोरगी?" म्हणजे माझी लेक. मामंजी म्हणाले, "नात घरची हाय. ती कुठं जायाची?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. भातावर आमटी घालून ते तसेच बसलेले. मी म्हटलं, "तुमी काय म्हणताय?" ते वडलांकडं बघून म्हणाले, "अण्णा म्हणतील तसं." घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आमचा वासा फिरलाही नाही, नुसता उभा राहिला. मशीन हळू करणारा माणूस. त्या दिवशी कळलं, त्याला हळू करता येतं, बंद करता येत नाही.

जीप यायच्या आधी आम्ही दोघी वैनी स्वयंपाकघरात चहा प्यायलो. तिचं नाक लाल झालेलं. म्हणाली, "वैनी, मी काय करू? मी न्हाई म्हणालो हुतो अण्णास्नी." मी म्हटलं, "तू काय करणार गं? तूबी वजनाचा दगुडच, माझ्यासारखी. ह्या पारड्यातनं काढून त्या पारड्यात." ती म्हणाली, "पोरीला मी बगतो." बघणार होती, त्यात शंका नाही. माझी लेक अंगणात तिच्या मुलाबरोबर खेळत होती. तिला वाटलं मी बाजाराला चाललेय. म्हणाली, "मला चुरमुरं आण." जीपमध्ये मामंजींनी तांदळाचं पोतं ठेवून दिलं होतं. पोतं बघून मला असा राग आला की वाटेत ढकलून द्यावं. नाही दिलं. तांदूळ होते.

वाडीत भाऊ आणि मी, लहानपणीसारखे, एका छपराखाली. आप्पा रिटायर झालेले, गुडघे गेलेले. ओढ्याची चढ-उतर त्यांना जमत नव्हती, म्हणून जाळीचा पाला भाऊ काढायचा. मशीनची बेअरिंग झिजलेली, घरघर आवाज यायचा, तरी चालायचं. भाऊ पुण्याला अर्ज पाठवायचा. कुणी बोलवायचं नाही. जे बोलवायचे ते विचारायचे, इतकी वर्षं काय केलं? तो सांगायचा, भोक मोजलं. मला वाटतं तो खरंच तसंच सांगत असणार, आमच्या घराण्याचं तोंड ते.

हे एकदा आले. पिशवीत गूळ आणि लेकीचा एक जुना फ्रॉक, आखूड झाला म्हणून आणलेला. अंगणातच उभे राहिले. मी विचारलं, "विचारती का ती?" म्हणाले, "आता न्हाई विचारत." मला वाटलं होतं हो म्हणतील आणि मी रडेन. नाही म्हटल्यावर रडूही येईना. फ्रॉक तेवढा ठेवून घेतला.

आषाढात सीनियर आला, त्याच जुन्या जीपमधून. केस मागं गेलेले, पोट थोडं सुटलेलं. शेड अजून होती, आता तिथं दहाएक माणसं होती. ओसरीवर बसून त्यानं सगळं खरं खरं सांगितलं, त्याला दुसरं येतच नव्हतं. पाण्याच्या मशीनवर पोट भरत नाही. डोंगरातल्या वाड्यांना पाहिजे असतं, पण त्या विकत घेऊ शकत नाहीत. म्हणून निम्मं काम तो पुण्याच्या कंपन्यांचे सुटे भाग करून द्यायचा.

"म्हंजे भोकं पाडतोस," भाऊ म्हणाला.

"पाडतो की," तो म्हणाला. "पण भोकांच्या जिवावर मशीनं बी करतो. तू ये. वाटा अजून तुझाच हाय. हितं मोठं चाक बसवू, सगळ्या वाडीला करंट दिऊ. तू बघशील तर चालंल. न्हाईतर ह्ये मी आता घिऊन जातो. पलीकडच्या डोंगरात एक वाडी मागतीया, तिथं बघणारी माणसं हाईत. हितं काकास्नी आता जमत न्हाई." त्यात चूक काय होतं? चार दिवसांनी परत येतो म्हणून तो गेला.

त्याच आठवड्यात पुण्याहून एका जुन्या सोबत्याचा निरोप आला होता. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत जागा आहे. पण कंपनीची नव्हे, कंत्राटदाराची. टोपी कंपनीची, बस कंपनीची, गेटवर नाव मोठ्या अक्षरात कंपनीचं. पगार कंत्राटदार देणार, आज आहे उद्या नाही. औषधपाणी नाही, क्वार्टर नाही. काम तेच, मोजायचं.

शेडात आता दर महिन्याला पगार होता, वाटा होता. कंपनीत नावाशिवाय काही नव्हतं. सगळं उलटंपालटं झालेलं. पण रामनगरला ते कोण सांगणार? आप्पांनी सांगून पाहिलं होतं, स्वतः गुडघे ओढत जाऊन. मामंजींनी चहा पाजला आणि म्हणाले, "पाव्हणं, शेड ती शेड. कंपनीत लागू दे, सांजच्याला तुमची पोरगी न्यायला गाडी धाडतो." कंत्राटदार म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं, आणि आम्हीही कळवलं नाही.

मी ओढ्यावर गेले. पाऊस थांबलेला, पाणी तांबडं. भाऊ जाळीपाशी वाकलेला. आता त्याच्याही केसांत पांढरं होतं. तो म्हणाला, "अक्का, त्या टायमाला तू बोलली हुतीस. शेडात जा म्हणालीस, मी ऐकलं न्हाई. आता तू बोल. म्हणशील तसं करतो. शेड का कंपनी?"

जन्मभर मी बोलत आले. पाहुण्यांसमोर बोलले, सासऱ्यासमोर बोलले, भावाला बोलले. शेड हा केवढासा शब्द? मला ठाऊक होतं बरोबर काय ते. त्याच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि मला लेकीचे चाळ ऐकू येत होते. आता न्हाई विचारत, हे म्हणाले होते. आणखी एक पावसाळा गेला असता तर ओळखलीही नसती तिनं.

"कंपनी," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "मला बी तसंच वाटत हुतं," तो म्हणाला. खोटं बोलत होता. जाळीला अडकलेली शेवटची चार पानं त्यानं काढली आणि वर आला. मी त्याला हात दिला. त्याचा हात गार पडलेला होता.

सीनियर ठरल्या दिवशी आला. दोघांनी मशीन काढलं, पट्टा गुंडाळला, डायनामो पोत्यात बांधला. जसं खांद्यावरून खाली नेलं होतं तसं खांद्यावरून वर आणलं, फक्त या वेळी मधे दोन वेळा थांबले. जाताना सीनियर आईच्या पाया पडला. जीप वळणावर गेली तरी भाऊ तिकडं बघत उभा. मग आत येऊन तो पुण्याची पिशवी भरायला लागला.

तिन्हीसांजेला आईनं सवयीनं वर बघितलं. म्हणाली, "आज लागला न्हाई का गं?" मी म्हटलं, "न्हाई." "पाणी तर लई हाय वड्याला," ती म्हणाली. मी चिमणी पुसली, वात वर केली आणि तिच्यासमोर ठेवली. ती ऑपरेशन केलेले डोळे बारीक करून चिमणीकडं बघत राहिली, आणि मला बाई घरातनं पळून जावंसं वाटलं.

पळायला लागलं नाही. भाऊ गेला आणि मामंजींनी शब्दाप्रमाणे गाडी धाडली. हे स्वतः आले होते. मी पोचायच्या आधीच माझी वैनी आपल्या मुलाला घेऊन पुण्याच्या बसनं गेली होती, आमची गाठही पडली नाही. रामनगरात शिरलो तेव्हा दिवेलागण झालेली, रस्त्यावर दिवे, दुकानांत दिवे. लेक सासूबाईंच्या मागं लपली. मी चुरमुऱ्यांचा पुडा पुढं केला, तेव्हा हळूच आली. मामंजी म्हणाले, "बग, म्हणालो हुतो न्हवं? कंपनी ती कंपनी." मी म्हटलं, "व्हय मामंजी."

सासूबाई म्हणाल्या, "स्वयंपाकाचं बघ गं, दमली असशील, पण बघ." मी आत गेले. अंधार होता. दाराशेजारी बटण होतं, ते दाबलं.